लार्च अव्हेन्यूची टक्केवारी

आमच्या लार्च अव्हेन्यूवर बेचाळीस घरं. त्यातली गोऱ्यांची किती आणि आपल्यांची किती, हे डॉक्टर शशी मोघ्यांना तोंडपाठ. चौऱ्याण्णव साली ते लंडनमधलं इल्फर्ड सोडून इथे, वॉटफर्डच्या पलीकडे आले, तेव्हा आपल्यांचं घर एकच, त्यांचं. आज सतरा. इल्फर्ड का सोडलंत, असं विचारलं की म्हणतात, "अहो, आपली माणसं फार वाढली तिकडे." जणू स्वतः त्या मोजणीत नव्हतेच.

एक पेच मात्र त्यांना कधी सुटला नाही. नवे आलेले देशी लोक गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त कमावणारे निघाले. रस्त्याचं सरासरी उत्पन्न वर चाललं होतं आणि शशीकाकांच्या मते दर्जा खाली. कारण काय, तर दाराबाहेर चपला आणि डिसेंबरपर्यंत लोंबणारी दिवाळीची माळ. ख्रिसमसची माळ फेब्रुवारीपर्यंत राहिली तरी चालते, ती संस्कृती असते.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या घरात गंधार आणि अनुया आले. दोघं इथेच जन्मलेली. गंधारची आई, नंदाताई, लेस्टरला एकटी राहायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला जिना चढवत नव्हता. तिच्यासाठी तळमजल्यावर खोली आणि बाथरूम वाढवायला गंधारने कौन्सिलकडे अर्ज केला. शशीकाका रहिवासी संघाचे सेक्रेटरी. त्यांनी हरकतीचं पत्र ठोकलं: एका घरात दोन कुटुंबं नांदायला लागली की रस्त्याचं 'कॅरॅक्टर' जातं. मग दारोदार फिरून आणखी आठ पत्रं मिळवली. कुणा गोऱ्याला एवढा उत्साह नव्हता. शेजारच्या ब्रायनने तर सही करताना विचारलं, "हे तुमच्यातलेच ना?" काका हसले म्हणे.

त्या आठांत एक पत्र माझं. चारचौघांत वाईट दिसायला नको, एवढंच कारण. समोरच्या पोरांनी नऊ पत्रं वाचली आणि अर्ज मागे घेतला. मला त्याची आजही लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात शशीकाकांच्या बायकोला, प्रमोदिनीकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलने सांगितलं, घरी न्यायचं तर खाली खोली आणि शॉवर हवा, नाहीतर केअर होम. काकूंना नीट बोलता येत नव्हतं, पण केअर होमचं नाव निघालं की त्या नवऱ्याचा हात सोडायच्या नाहीत.

अडला हरी, दुसरं काय. काकांनी अर्ज केला आणि कुणी हरकत घेऊ नये म्हणून पुन्हा दारोदार निघाले. ब्रायन म्हणाला, "बघू. नियम सगळ्यांना सारखाच हवा." समोरची बेल एकट्याने वाजवायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं.

अनुयाने चहा केला. काकांनी घसा खाकरला. "तुम्ही काही ऑब्जेक्शन घेणार नाही ना? शेवटी आपण आपलीच माणसं."

"नो, नो, काका," गंधार म्हणाला. "मी सपोर्टचं लेटर लिहितो ना. आणि तुमची घर, आमची घर एक्झॅक्टली सेम आहे. आमच्या आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज घेऊन जा, टाइम वाचेल."

"अरे, पण तुम्हाला लागतील की."

"आता नाही लागत. आई मार्चमध्ये वारली. तिकडे लेस्टरला, केअर होममध्ये."

मी कप गोळा करायला लागले. काकांनी काहीतरी करायचं म्हणून गंधारने पुढे केलेली कागदाची गुंडाळी उलगडली. स्वयंपाकघराशेजारी नव्या खोलीचा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, 'मम्स रूम'. त्यांनी कागद परत गुंडाळायला घेतला, पण तो सारखा तिरकाच गुंडाळला जाई. शेवटी अनुयाने तो नीट गुंडाळला, रबर लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"काकूंना लवकर घरी आणा," ती म्हणाली.