कटल्याचं मुंडकं

आमच्या आबांइतका मासळीचा शौकीन माणूस सेलूत शोधून सापडायचा नाही. आणि धरणाकाठच्या मासळीच्या हॉटेलात बसून पिठलं खाणारा माणूसही त्यांच्याशिवाय दुसरा सापडायचा नाही. या दुसऱ्या गोष्टीला कारण मी.

माझं एक जमलेलं लग्न मोडलं होतं. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. पण आबांनी वडील म्हणून जे मनाला आलं ते केलं. गावाकडच्या देवीपुढं जाऊन नवस बोलले, की पोरीचं लग्न होईस्तोवर मासळी बंद, आणि पहिला घास खाईन तो जावयाच्याच हातचा. मला विचारलं का? छे! नवस बोलताना पोरीला विचारायची रीतच नाही आमच्याकडं.

तरी दरवर्षी धरण भरलं की आबा आम्हाला येलदरीला नेणारच. जिंतूर मागं पडलं की खिडकीची काच खाली करून बसायचे. हॉटेल म्हणजे पाण्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागं चूल. मालक भोई, सकाळी स्वतः जाळं ओढणारा. मासा निवडायचे आबाच. कल्ला उचलून आतली लाली बघायचे, बोटानं दाबायचे आणि मग चुलीपुढच्या मालकिणीला सांगायचे, "बाई, रश्श्यात येसूर मसाला जरा सढळ हातानं घाला." एवढं सगळं करून स्वतःपुढं पिठलं-भाकरी घ्यायचे आणि खुर्ची अशी सरकवायचे की चुलीचा वास बरोबर त्यांच्याकडं यावा. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्यात ते मुंडकं. आमच्या भावकीत माशाच्या मुंडक्याचा मान जावयाचा. जावई नसला तर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणजे आम्ही दोघी, माय आणि मी, तुकडे संपवायचो आणि कटल्याचं भलंमोठं मुंडकं वाडग्यात तसंच पडून राहायचं. माय एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. शेवटी ते हॉटेलातल्या मांजरापुढं जायचं. माझं लग्न न झाल्याचा फायदा जगात कुणाला झाला असेल तर तो त्या मांजराला. काय गुबगुबीत झालं होतं!

"आबा, तुमच्या जिभेचं ओझं माझ्या गळ्यात कशाला?" मी एकदा फाडकन बोलले होते.

"तुला कोण काय म्हणायलंय? तू खा की निवांत."

निवांत! समोर बाप पिठल्यात भाकरी बुडवत मासळीचा वास घेत बसलाय आणि मी निवांत खाऊ? मला लग्न करायचं नव्हतं. शाळेतली नोकरी होती, दोन खोल्यांचं घर होतं, माझी संध्याकाळ माझी होती, आणि मी सुखात होते. हे मी मैत्रिणींना सांगितलं होतं, आलेल्या स्थळांनाही गुपचूप सांगितलं होतं. आबांना मात्र तोंड उघडून सांगायचा धीर होत नव्हता. त्यांची आशाच तुटली तर काय, ही भीती होती.

यंदा आबा दवाखान्यात होते. घरी आले ते पार वाळून. काय खावं वाटतंय विचारलं तर म्हणाले, "धरणाला नेता का एकदा? मी न्हाई खायचा. नुसता वास घेऊ द्या." मी आत जाऊन रडले. आणि मग मला आबांचा, देवीचा, सगळ्यांचाच लय राग आला.

येलदरीला गेलो. कटला आला, पिठलं आलं. मी पिठल्याची ताटली बाजूला सारली, एक तुकडा घेतला, काटे काढले, भाकरीत धरला आणि आबांच्या तोंडापुढं नेला.

"काय करायलीस?" आबा मागं सरकले. "नवस हाय."

"आबा, जावई येणार न्हाई. कधीच न्हाई. मला लग्न करायचं न्हाई, आणि मी मजेत हाय. देवीला काय सांगायचं ते मी सांगते. माझ्यापायी बोललेला नवस मीच सोडवते. खावा."

मायनं पदर तोंडाला लावला. आबा पाण्याकडं बघत राहिले. माझा हात दुखायला लागला, पण मी खाली घेतला नाही.

"मजेत हायस?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा."

"मग हे आधी का न्हाई सांगितलंस? मी आपला तू झुरायलीस म्हणून देवीच्या मागं लागलोय."

आणि त्यांनी तोंड उघडलं.

बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं तसे म्हणाले, "लय तिखट हाय."

"आज तर तिखट कमीच घातलंय!" चुलीपुढून मालकीण ओरडली.

आबा हसले. मग त्यांनी वाडगं ओढलं, दोन्ही हातांनी मुंडकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"अवं, ते जावयाचं..." माय म्हणाली.

"खाऊ दे तिला. मांजराला लय चारलं."

मला रडू आवरेना, आणि मुंडकं कुठून फोडतात तेही कळेना. आयुष्यात कधी हात लावला नव्हता. आबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाले, "इकडून धर. असं."