सात-तीनला दिलेलं सोनं

भिंगकाकांना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला स्वतःचाच राग येतो, म्हणून इतके दिवस टाळलं. पण आता लिहिलं नाही, तर त्यांच्या नावावर ती एक चूक तेवढी उरेल.

भिंगकाका हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे घ्यायचो आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या मागची खोली आमची. पलीकडे गणकयंत्रांची खोली, त्यामुळे भिंत दिवसभर घरघरायची आणि ऐन उन्हाळ्यातही आम्ही स्वेटर घालून बसायचो. दोन टेबलं. एक त्यांचं, एक माझं, अकरा वर्षं.

त्यांचं काम ते घरी असं समजावून सांगत. दीर्घिकांचे मोठाले समूह इतके जड असतात, की त्यांच्यामागून येणारा प्रकाश त्यांच्याजवळून जाताना भिंगातून गेल्यासारखा वाकतो. मागची एकच दीर्घिका मग दोन-तीन जागी दिसते, ओढल्यासारखी, कमानीसारखी. दुसऱ्याच्या चष्म्यातून पेपर बघितला की अक्षरं जशी वाकडी दिसतात, त्यावरून चष्म्याचा नंबर ओळखायचा, तसं हे. कमानींवरून समूहाचं वजन काढायचं, जे दिसत नाही त्याचंसुद्धा. काकू सगळं ऐकून म्हणाल्या होत्या, "म्हणजे आकाशाला चष्मा लागलाय आणि तुम्ही त्याचा नंबर काढताय, एवढंच ना?" काकांना हे फार आवडलं. पुढे कुणीही काम विचारलं की तेच सांगायचे.

या कामात सगळी मदार एका गोष्टीवर असते. कुठले ठिपके एकाच दीर्घिकेच्या प्रतिमा आहेत, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की पुढचं गणित कितीही चोख असो, मुसळ केरात. म्हणून आम्ही मतदान घ्यायचो. प्रत्येकाने एकट्याने बसून एकेक प्रतिमा बघायची आणि खात्री असेल तर सोनं, बरी वाटली तर चांदी, शंका असेल तर कांस्य द्यायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. शेवटी फक्त सरासरी जाहीर व्हायची. कुणी काय दिलं, शेजारी काय शेरा लिहिला, हे कायमचं गुपित राहायचं, कारण चुकलेल्याला खाली बघायची पाळी येऊ नये. हा नियम काकांचाच.

त्या समूहाच्या वेळी आम्ही चौघं होतो. काका, मी, दुसऱ्या संस्थेतला एक गृहस्थ ज्याला आम्ही दूरचा म्हणायचो, आणि काकांची शेवटची विद्यार्थिनी. तिची ओळख ते 'आमची धाकटी' अशी करून देत. त्यांना मूलबाळ नव्हतं.

यादीत एकसष्ट प्रतिमा होत्या. सात नंबरच्या दीर्घिकेची तिसरी प्रतिमा, म्हणजे सात-तीन, काकांनी सुचवलेली होती. त्यांच्या गणिताप्रमाणे ती साधारण त्या भागात असायला हवी होती. तिला सोन्याची सरासरी मिळाली. काका पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन डोळे तपासून आले. नंबर होता तोच निघाला, म्हणून आम्ही त्यांची चेष्टाही केली.

सात-तीनची नेमकी जागा धरली की गणित काही केल्या जुळेना. शेवटी समूहाच्या एका कडेला, जिथे एकही दीर्घिका दिसत नाही अशा रिकाम्या जागी, न दिसणाऱ्या वस्तुमानाचा एक मोठा गोळा मानावा लागला. तो ठेवला आणि सगळ्या कमानी जागच्या जागी बसल्या. शोधनिबंध गाजला. धाकटीचा प्रबंध त्या गोळ्यावर झाला, नंतरची सात वर्षं तिने त्याच्याच आधारे तात्पुरत्या नोकऱ्यांवर काढली, आणि अखेर एका चांगल्या विद्यापीठात कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत ठरली. त्या दिवशी काकांनी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा आणून ठेवला. निकाल लागायच्या आधीच.

आठवड्याभरात नवी मापं आली. प्रकाशाचं पृथक्करण करून अंतर काढतात, ती. चहा झाल्यावर काकांनी फाइल उघडली आणि मला हाक मारली. सात-तीनचं अंतर निराळंच होतं. ती सात नंबरची नव्हतीच, कुणी दुसरीच दीर्घिका होती, आपल्याला बरीच जवळची. तिला काढून आम्ही गणित परत केलं. गोळा नाहीसा झाला.

काका म्हणाले, "तू तेव्हा चित्र नीट उघडून बघितलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो."

मी बघितलं नव्हतं. चाळीसेक प्रतिमांनंतर मी चित्रं उघडायचीच सोडून दिली होती. सात-तीन काकांनी सुचवलेली, त्यात काय बघायचं, असं म्हणून सोनं दाबलं आणि घरी गेले. एवढं बोलायला दहा सेकंद पुरली असती.

वर शहाणपण शिकवायला मात्र पुढे झाले. म्हटलं, तिची मुलाखत तीन आठवड्यांवर आहे, तेवढं होऊ द्या. ही मापं वर्षभर आपल्यासाठीच राखीव आहेत, दुसरं कुणी बघणार नाही. आकाश कुठे पळून चाललंय?

काका म्हणाले, "तिथे उभी राहून ती पोर खोटं बोलेल, आणि तिला माहीतही नसेल. ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्यांनी तिला फोन केला. मी खोलीतच होते. ते बहुतेक ऐकतच होते, मधूनमधून "हो बाळ" म्हणत होते. तिने थांबायची विनवणी केली असणार. ते थांबले नाहीत. चार दिवसांत नियतकालिकाकडे दुरुस्तीचं टिपण गेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'प्रतिमेची निवड माझी, चूक माझी एकट्याची.' आमची तिघांची सही त्यांनी घेतलीच नाही. मलाही हायसंच वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते.

धाकटीला जागा मिळाली नाही. तिने काकांशी बोलणं तोडलं. परिषदांमध्ये लोक मागून हसायचे, म्हातारा गोळा गिळून बसला म्हणायचे. सहा महिन्यांनी काका निवृत्त झाले. रोज अकरा वाजता फोनजवळ बसायचे, पूर्वी ती त्या वेळेला फोन करायची म्हणून, असं काकूंनी नंतर सांगितलं. पुढच्याच वर्षी ते हृदयविकाराने गेले. ती शेवटच्या दर्शनालाही आली नाही.

गेल्या महिन्यात जुनं गणकयंत्र मोडीत काढायचं ठरलं आणि त्यातल्या फाइली चाळायचं काम माझ्याकडे आलं. मतदानाची मूळ यादी सापडली, नावानिशी. सात-तीनच्या ओळीत माझं सोनं होतं, दूरच्याचं सोनं, धाकटीचं सोनं. काकांचं कांस्य. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'प्रकाश वाकला तरी त्याचा रंग बदलत नाही. हिचा रंग बाकी दोघींशी जुळत नाहीसं वाटतं. मला खात्री नाही, इतरांनी नीट बघावं.'

मी धाकटीला फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

ती म्हणाली, "मी चित्र उघडलंच नव्हतं. सरांनी सुचवलेली होती ना."

मी तिला माझंही सांगितलं. दूरच्याला विचारायची गरज आम्हाला दोघींनाही वाटली नाही. फोन ठेवताना तिने विचारलं, त्या वेळी सर डोळे तपासायला का गेले होते. मी सांगितलं, तिघांना दिसतंय आणि आपल्यालाच दिसत नाही, म्हणजे आपली नजर गेली, असं त्यांना वाटलं असणार.

त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती.