पहिला नंबर अजून ठरायचाय

आमच्या घरी दर रविवारी मंडळी येतात आणि जाताना काही ना काही विसरून जातात. कुणाची छत्री राहते, कुणाचा चार्जर. छत्री आणि चार्जर पुढच्या रविवारी परत नेतात. किस्से मात्र इथेच पडून राहतात, ते कुणी न्यायला येत नाही. आता बरेच साठलेत, म्हणून म्हटलं, थोडे तुम्हाला देऊन टाकावेत.

आधी माणसं सांगतो. मी भाईंदर पूर्वेला, खारीगावाजवळ राहतो. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होतो, आता घरीच असतो. शिक्षण चौथीपर्यंत. माझी मुलगी सीमा, आणि तिचे कॉलेजपासूनचे तीन दोस्त: हार्डवेअरचं दुकान चालवणारा जिग्नेश, शाळेत शिकवणारी मनीषा आणि समुद्रकाठच्या पाली गावातला मेल्विन. चौघांचेही केस पिकायला लागलेत, पण एका व्हिडिओ गेमपायी अजून भांडतात.

त्या गेमचं इंग्रजी नाव मला नीट म्हणता येत नाही. मी त्याला कंदीलवाला गेम म्हणतो, कारण प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कुणीतरी कंदील पेटवतं. त्यात आपण स्वतःच एक पात्र व्हायचं, सोबती जमवायचे, गावोगाव फिरायचं आणि शेवटी राज्य वाचवायचं. असे नऊ भाग आलेत. दर भागात गोष्ट नवी, माणसं नवी, कंदील तोच. या नवांत पहिला नंबर कुणाचा, दुसरा कुणाचा, अशी लिस्ट या चौघांना लावायचीय. कॉलेजपासून लावतायत!

माझी बायको शालिनी गेली, त्यानंतर घर फार गप्प झालं. मी मुळात कमी बोलणारा. सीमा ऑफिसला गेली की दिवसभर फ्रिजचा तेवढा आवाज. तेव्हा मनीषानेच जाहीर केलं, "लिस्टची मीटिंग यापुढे काकांच्या घरी. लिस्ट लागेपर्यंत दर रविवारी. लागली की सगळे मोकळे."

त्यामुळे लिस्ट लागू नये असं वाटणारा एक माणूस त्या खोलीत असायचा. तो चहा करायचा.

*

गाडी पहिल्या नंबरावरच अडते. सीमा आणि मनीषा तिसऱ्या भागाच्या बाजूने. जिग्नेश आणि मेल्विन पाचव्याच्या. दोन-दोन. मग सगळे माझ्याकडे बघतात.

"काका, तुमचं मत?"

मी म्हणतो, "पुढच्या रविवारी सांगतो."

जिग्नेश कपाळावर हात मारतो. "अंकल, सुप्रीम कोर्ट पण एवढी तारीख देत नाही!"

*

मेल्विन पाचव्याच्या बाजूने का, तर त्या भागात समुद्र आहे. होडी आहे, गळ आहे, मासे आहेत. त्यात एक राजकन्या कैदेत पडलेली असते आणि तिला सोडवायला हीरोने लगबगीने जायचं असतं. मेल्विनने पाचवा भाग घेतला आणि दिवाळीची अख्खी सुट्टी गेममधल्या बंदरावर गळ टाकून बसला.

मनीषा चिडली. "अरे, ती बिचारी तुरुंगात वाट बघतेय!"

मेल्विन शांत. "ती कैदेत हाय, कुठं न्हाय जात. मासा जातोय!"

*

मनीषा आपल्या पात्रांना ओळखीच्या माणसांची नावं देते. एका भागात तलवार घेऊन सगळ्यांत पुढे लढणारी बाई होती. तिला तिने नाव दिलं, 'सासूबाई'.

एका रविवारी खऱ्या सासूबाई नातवाला घेऊन आमच्याकडे आल्या आणि सोफ्यावर टेकल्या. नेमकी तेव्हाच मोठी लढाई चालू होती. राक्षसाने शेपटी फिरवली आणि स्क्रीनवर आलं, 'सासूबाई पडल्या'. अक्षरं इंग्रजी होती, पण सासूबाई बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांनी व्यवस्थित वाचलं.

मनीषाचा चेहरा तर विचारूच नका. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "बघत काय बसलीस? उठव मला!"

तेव्हापासून मनीषा घरी पोचली की त्या आधी चपला काढू देतात आणि मग विचारतात, "माझी लेव्हल किती झाली?"

*

गेमच्या डिस्कच्या डब्या आमच्या शोकेसमध्ये उभ्या असतात. ज्या क्रमाने लिस्ट आतापर्यंत ठरली असेल, त्या क्रमाने. एका रविवारी मंडळी आली तर क्रम पार बदललेला. जिग्नेश म्हणाला हे सीमाचं काम. सीमा म्हणाली मेल्विनचं. मेल्विन म्हणाला, "माझ्या आईची शपत, मी न्हाय." तासभर भांडण चाललं. आठवा भाग वर का, पहिला खाली का, प्रत्येकाने प्रत्येकावर शंका घेतली.

आतून झाडलोट करणाऱ्या सुनीताताई फडकं घेऊन बाहेर आल्या. "मी लावल्या. पुसायला काढल्या होत्या. गडद रंग एका बाजूला, फिके एका बाजूला. छान नाही दिसत?"

मग मनीषा म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कारण देऊन लिस्ट लावलीय."

*

सातव्या भागाची डबी मात्र शोकेसमध्ये नसते. ती टीपॉयवर असते, कारण जिग्नेश तिच्यावर चहाचा ग्लास ठेवतो. सातव्याचा त्याला भयंकर राग. दुकान बंद ठेवून पहिल्याच दिवशी आणला आणि पस्तावला. "एक तास झाला, हीरो अजून गावाच्या गेटबाहेर नाही पडला! नुसतं चालतोय आणि बोलतोय. कचरा आहे, कचरा!"

मला चालणारा आणि बोलणारा हीरो बरा वाटला. सीमाने मला कंट्रोलर धरायला शिकवलं आणि मी सातवा सुरू केला. त्या गावात विहिरीजवळ एक म्हातारा बसलेला असतो. त्याच्याकडे गेलं की तो म्हणतो, आज वारा चांगला आहे. पुन्हा गेलं तरी तेच. सीमा मला त्याचा अर्थ सांगायची, पुढे पुढे तिने सांगायचं सोडलं, मला पाठ झालं.

दर रविवारी मंडळी यायच्या आधी मी त्याला भेटून यायचो. जिग्नेशने एकदा पकडलं.

"अंकल, याच्याकडे काही मिळत नाही. तलवार नाही, औषध नाही. टाइम वेस्ट!"

मी म्हटलं, "मी कुठे काही मागायला जातोय?"

जिग्नेशने चहाचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि परत सातव्याच्या डबीवर ठेवला.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

तिसऱ्या भागात औषध देणारी एक मुलगी आहे. गोष्टीत पुढे ती मरते. सीमा खेळायची तेव्हा शालिनी शेजारी भाजी निवडत बसायची. तिला ती मुलगी फार आवडली. "किती काम करते गं पोर. हिला जरा बसव कुठेतरी." सीमा तिला गेममधल्या धर्मशाळेत न्यायची, झोपवायची. मग एक दिवस मनीषाने बोलता बोलता पुढचं सांगून टाकलं.

शालिनीने भाजीची परात बाजूला ठेवली. "सीमा, पुढे जायचं नाही."

"आई, अगं गेम आहे तो."

"असू दे. इथेच राहू दे सगळ्यांना. काय वाईट आहे हे गाव?"

सीमा थांबली. पुढे एका रविवारी जिग्नेशला ते कळलं आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. "तूने पूरा किया ही नहीं? आणि पहिला नंबर देतेस? हे चीटिंग आहे!"

सीमाने तिसरा भाग लावला. धर्मशाळा दिसली. खिडकीत कंदील होता आणि ती मुलगी पलंगावर झोपलेली होती. शालिनीने झोपवली होती तशीच.

जिग्नेश त्या दिवशी तिसऱ्याबद्दल पुन्हा बोलला नाही. पण मत पाचव्यालाच दिलं. तत्त्वाचा माणूस!

*

गेल्या महिन्यात मेल्विनला जहाजावर नोकरी लागली. दोन दिवसांनी निघायचं होतं, म्हणून रविवारी आईने केलेले बोंबील घेऊन आला. जेवणं झाली. तो म्हणाला, "आज लिस्ट लावूनच टाकू. भर समुद्रात डोक्याला त्रास नको."

मत घेतलं. दोन-दोन.

"काका?"

मी मेल्विनकडे बघितलं. पोरगं एवढं लांब चाललंय, जाताना त्याचा समुद्र पहिला यावा असं वाटलं. मी म्हटलं, "पाचवा."

मेल्विन उडी मारून उठला. सीमा मात्र माझ्याकडे बघत होती. मनीषाने पर्स मांडीवर घेतली आणि तशीच बसून राहिली. लिस्टचं मुख्य काम तर झालं होतं, म्हणजे पुढच्या रविवारपासून सगळे मोकळे. फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

जिग्नेशने नाचायला हवं होतं. पाचव्यासाठी त्याने अर्धी जवानी घालवली. त्याने सातव्याच्या डबीवरचा ग्लास उचलला, खिशातून रुमाल काढला आणि डबीवर पडलेला गोल डाग हळूहळू पुसला.

"अंकल, सॉरी. माझं मत बदललं. सातवा."

"सातवा?" मनीषा ओरडली. "कचरा म्हणायचास ना!"

"बोलत होतो. आता नाही बोलत."

मनीषाने बोटं मोजली. "तिसऱ्याला दोन, पाचव्याला दोन, सातव्याला एक. म्हणजे टाय."

"म्हणजे नाही लागली," सीमा म्हणाली.

मेल्विन उभाच होता. त्याने जिग्नेशकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खाली बसला. "बरोबर हाय. मी नाताळाला येतो, तवा बघू."

"आणि तोपर्यंत?" मनीषाने विचारलं.

"तोपर्यंत काय, चर्चा," जिग्नेश म्हणाला, आणि हातातला ग्लास ठेवायला जागा शोधू लागला.