यूसुफभाईंची अडकलेली कॅसेट

माझी बहीण खतिजा हिचे यजमान यूसुफभाई कुवेतमध्ये, शुवैखला, गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतात. लोकांच्या गाड्या त्यांच्या हातून धड होऊन जातात. त्यांची स्वतःची मात्र चावी फिरवली की बोंब ठोकते. टेपमध्ये कॅसेट अडकलीय, टेप बंद केला तर एसीही बंद पडतो, आणि बाजू संपली की पट्टी आपोआप मागे जाऊन पुन्हा तेच सुरू होतं.

कॅसेट आहे सत्तरच्या दशकातल्या 'फ्रोजन पाइप्स' या कॅनडाच्या पंक बँडची. ज्यांनी ही गाडी विकली ते डग साहेब त्यात गिटार वाजवायचे. गाडी दुरुस्तीला आणली की ते यूसुफभाईंना बँडचा इतिहास ऐकवत. सराव लॉन्ड्रीच्या तळघरात. पहिला कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये. तिसऱ्या गाण्याला पाद्रीबुवांनी वीज तोडली, तरी ड्रमवाला अंधारात एकटाच बडवत राहिला. गायक केन वडिलांशी बोलत नसे, म्हणून जे सांगायचं ते गाण्यातून ओरडून सांगे. गोष्ट इथवर आली की नेमकी गाडी दुरुस्त व्हायची. पुढे साहेब निवृत्त होऊन निघून गेले आणि त्या बापलेकांचं काय झालं ते कळायचं राहूनच गेलं. यूसुफभाईंना याची अजून हळहळ वाटते. मला वैताग येतो.

तर खतिजाची मुलगी, माझी भाची जवेरिया हिचं लग्न ठरायचं होतं. तल्हा तिला पसंत होता, अडचण त्याच्या वडिलांच्या होकाराची. अफताबभाई महाकडक माणूस, त्यांच्यासमोर चहासुद्धा हळू प्यावा लागतो; तल्हाही त्यांच्याशी कामापुरतंच बोले. शुक्रवारी बापलेक आमच्याकडे यायला निघाले आणि शर्कमध्ये मासळी बाजाराजवळ त्यांची गाडी बंद पडली.

"टॅक्सीने आणा त्यांना," खतिजाने बजावलं. यूसुफभाई आपलीच गाडी घेऊन निघाले. मी सोबत, कपाळाला हात लावून.

अफताबभाई पुढे बसले, तल्हा माझ्याशेजारी. चावी फिरली आणि केन बापावर तुटून पडला.

"हे काय हाय?" अफताबभाईंनी विचारलं.

"बंद केला तर एसी जाईल," यूसुफभाई म्हणाले. बाहेर डांबर वितळत होतं. मग घाबरून त्यांनी सगळा इतिहास सांगायला घेतला, लॉन्ड्री, पाद्री, केन. मी मनातल्या मनात भाचीचं लग्न मोडूनही टाकलं.

फरवानियाला घर आलं. अफताबभाई उतरेनात.

"मग त्या पोरानं बापाची माफी मागितली काय?"

तल्हा खिडकीबाहेर पाहू लागला. थाप मारायला याहून चांगली वेळ नव्हती, पण यूसुफभाईंना ते सुचलंच नाही.

"मालूम नाय. दुसऱ्या बाजूला असंल. ती मी कधी ऐकलीच नाय."

"इतकी वर्सं? इलेक्ट्रिशियन असून?"

"काढताना पट्टी तुटली तर?"

अफताबभाईंनी वळून मुलाकडे पाहिलं.

"आधी पोरांचा निकाह होऊ द्या," ते यूसुफभाईंना म्हणाले. "मग आपण दोघं बसून टेप खोलू. सावकाश."