कारंज्यांऐवजी सौंदत्ती

तुमच्या आईनं फोनवर सांगितलं की सुट्टीत ती तुम्हा दोघांना त्या मोठ्या थीम पार्कला नेणार आहे. एकटीच. हॉटेल ठरलंय, रांगा टाळायचे पास काढलेत, पावसाचे कोटसुद्धा घेतलेत. मी विचारलं, "कुणाला विचारलंस?" ती म्हणाली, "कुणाला विचारायचं?" तिच्या वयाची असताना हे उत्तर मला सुचलं नव्हतं. तेव्हा काय झालं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमची आई सहा वर्षांची होती आणि मामा तीन. बेळगावात मुलींच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवत असे. टिळकवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सासर जवळच, येळ्ळूरला. तिथं सासूबाई आणि धाकटे दीर होते. दर रविवारी मी मुलांना घेऊन जायची. वर्षाचा तांदूळ त्या घरातून यायचा. शेतात माझ्या मुलांचा वाटा होता, पण तो कुठल्या कागदावर नव्हता, त्या दोघांच्या शब्दावर होता. त्यामुळे त्या घरात मी बेतानं बोलत असे.

तुमची आई पाचवीत असताना तिच्या वर्गातली एक मुलगी म्हैसूरला जाऊन आली. वृंदावन बागेत रंगीत दिव्यांची कारंजी आहेत, गाणं लागलं की ती नाचतात, असं तिनं सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत जायचं.

माझी कामाची रीत तुम्हाला माहीत आहे. नवी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. स्टेशनवरून वेळापत्रक आणलं. लोंढ्याला गाडीत काय खायचं, अरसीकेरेला गाडी कधी बदलायची, म्हैसूरच्या धर्मशाळेला पत्र कधी टाकायचं, सगळं लिहिलं. धर्मशाळेचं उत्तर आलं, तिकिटंही काढली. शेवटच्या पानावर तुमच्या आईनं कारंजी काढली, प्रत्येक धार वेगळ्या रंगाची. मामानं कडेला एक हत्ती काढला.

वहीत एकच गोष्ट नव्हती. येळ्ळूरला काय सांगायचं.

विधवेनं मुलांना घेऊन दिवे बघायला जाऊ नये, असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तसं कुणी केलंच नव्हतं, त्यामुळे म्हणायची वेळ आली नव्हती. देवाला गेलं तर मात्र कुणी बोट दाखवत नसे. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात मी स्वतःला हुशार समजत होते.

त्या रविवारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "आत्या, सुट्टीत म्हैसूरला जाऊन येते. चामुंडीच्या दर्शनाला. मुलांना घेऊन."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "नवस बोललीस व्हय?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "तसंच काहीसं."

"मग म्हैसूरला कशाला गं? आपली यल्लम्मा काय परकी झाली? घरची देवी टाकून दुसरीकडं पोरं नेलीस तर ती गप बसंल?"

दीर उंबऱ्यात तंबाखू मळत बसले होते. "आई, वैनी इंग्रजी शिकल्याल्या. त्यांची देवीबी लांबची लागती."

सगळे हसले. मीही हसले.

"आत्या, तिकिटं काढलीत."

"तिकिटं परत करता येत्यात. देवीचं नाव घेतल्यालं परत करता येत न्हाय. आदी सौंदत्तीची यल्लम्मा, मग तुझं म्हैसूर."

या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. जागा एकच होती, मी खोटं बोलले हे सांगण्याची. ते मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिकिटं परत केली.

सुट्टीत आम्ही टेम्पोनं सौंदत्तीला गेलो. आम्ही तिघं, सासूबाई, दीर, जाऊ, तिची मुलं, चुली, पातेली, नैवेद्याचं पुरण. वाटेत तुमची आई चुलत भावंडांना म्हैसूरच्या कारंज्यांचं सांगत होती. दर्शनाआधी आंघोळ करतात त्या जोगुळबावीच्या कुंडावर दिरांनी मुलांना गार पाण्याखाली धरलं आणि तुमच्या आईला म्हणाले, "हे बघ तुजं कारंजं. तिकीटबी न्हाय."

पुन्हा सगळे हसले. ती ओल्या केसांनी उभी होती. तिनं काकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल शोधायला पिशवीत वाकले.

परत येताना तिनं विचारलं, "आता म्हैसूर कधी?" मी म्हटलं, "पुढच्या सुट्टीत." पुढच्या सुट्टीत पेपर तपासायला आले, त्यापुढच्या सुट्टीत सासूबाई पडल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही.

म्हैसूर मी पाहिलं. शाळेची सहल नेली होती, दुसऱ्यांच्या चाळीस मुली घेऊन. तुमची आई तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होती. कारंजी खरोखर सुंदर होती. तशी नसती तर निदान बरं वाटलं असतं. मी मुली मोजत उभी राहिले.

तुमची आई तुम्हाला सांगते की येळ्ळूरच्या आजीनं आमची म्हैसूरची सहल मोडली. ती म्हातारी हा आळ घेऊनच गेली, आणि मी तो तिच्यावर राहू दिला. तिनं फक्त माझा शब्द खरा धरला होता. सहल मी मोडली. कारंजी बघायला जाते, एवढं साधं वाक्य बोलायला मी भ्याले आणि देवीला पुढं केलं.

तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा हे तुमची आईच वाचून दाखवणार. इथं ती थांबली तर तिला पुढे वाच म्हणू नका. वही अजून माझ्या कपाटात आहे, शेवटच्या पानासकट. तिला हवी असेल तर पाठवते. नको असेल तर तसं तिनं स्वतः सांगावं.