वासाची वर्दी

दिवाळे कोळीवाड्यातला धनेश मुळात वैतागणारा माणूस नव्हता. खाडीकाठचा तो, भरतीची वाट बघणं त्याला शिकवावं लागलं नाही. पण सीवूड्सच्या एका अठरा मजली सोसायटीने त्याची ती सबुरी पार धुऊन काढली.

त्या सोसायटीत आधी त्याची आई यशोदाबाई टोपली घेऊन जायची. तिचे गुडघे गेले, तशी तिची गिऱ्हाइकं लेकाकडे आली. कोळंबी, बोईट, चिंबोऱ्या, नशीब असलं तर एखादा जिताडा. थर्माकोलच्या डब्यात बर्फावर मांडायचं आणि दारोदार फिरायचं. घर त्या एका सोसायटीवर चालत होतं. ती सुटली असती तर बाकीचं फिरणं म्हणजे ओहोटीला जाळं लावण्यासारखंच होतं.

मग तिथे उदयसिंह नावाचे नवे सेक्रेटरी आले. मासेवाल्याने लिफ्टने जायचं नाही, मागे वास राहतो, असं त्यांनी ठरवलं. सामानाची लिफ्ट वेगळी होती, पण ती बंद पडलेली, आणि ती दुरुस्त करून घेणंही उदयसिंहांकडेच. धनेश जिन्याने चढू लागला. वरच्या मजल्यांपर्यंत बर्फाचं पाणी झालं, पाणी पायऱ्यांवर सांडलं, आणि जिन्याचीही तक्रार गेली. आता माणसाने बगळ्यासारखं खिडकीतून यायचं का, असं तो वॉचमन विलासला विचारत बसला.

विलास भला माणूस. त्याने सांगितलं, डब्याला चिकटपट्टी मार, अंगाला वास येऊ देऊ नकोस, मग मी तुला बघितलंच नाही.

म्हणून धनेशने स्टेशनबाहेरच्या टेबलावरून सेंटची बाटली आणली. विकणाऱ्याने पटवून दिलं होतं की परदेशातल्या एका बड्या सेंटपासून हा प्रेरित आहे. वास तोच, फक्त नाव नाही. यशोदाबाईने बाटली नाकाशी धरली.

"परेरित म्हंजे काय रं?"

"म्हंजे त्याच्यासारकाच, आये. पन तो नाय."

"म्हंजे चोरलेला."

सेंट त्याने अंगाला, हातांना, डब्यालाही चोपडला आणि पहिल्याच दिवशी घात झाला. नवव्या मजल्यावरच्या जाईताई मासळी घेताना कल्ला उघडून आधी रंग बघायच्या, मग नाक पुढे न्यायच्या. त्यांनी बोईटाचा वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. ताज्या मासळीला खाडीचा वास हवा. तिला सेंट मारलाय म्हणजे माल कालचा. त्यांनी दार लावून घेतलं, आणि त्यांचं बघून समोरच्या सगुणाताईंनीही.

घरी आल्यावर आईने त्याला उभा-आडवा घेतला. म्हावऱ्याला म्हावऱ्याचाच वास पायजे, एवढी अक्कल खाडीतल्या निवटीलाही हाय, असं ती जेवणभर ऐकवत राहिली. लिफ्टला एक वास हवा, दाराला दुसरा. मधे हा माणूस एकच. धनेशने ताटावरून उठून सेंट लावायची जागा ठरवून टाकली. कॉलरच्या मागे, तिथेच. हात लिंबाने धुवायचे. डब्याजवळ बाटली न्यायची नाही.

हे जमलं. जरा जास्तच जमलं. लिफ्टचं दार उघडलं की तो गोडसर, लाकडी वास मजल्यावर पसरायचा आणि घराघरांतून बाया पातेली घेऊन बाहेर यायच्या. बेल दाबायचं कामच उरलं नाही.

उदयसिंहांच्या मेहुण्याने दुबईहून त्यांना एक सेंट आणून दिला होता. खरा, बड्या नावाचा. एका रविवारी तो लावून ते वर्गणीच्या कामाला नवव्या मजल्यावर उतरले. दोन दारं एकदम उघडली. जाईताई पातेलं पुढे करून, वर न बघताच म्हणाल्या, "चिंबोऱ्या असतील तर बघून दे हं. मागच्या पोकळ निघाल्या."

समोरून सगुणाताईंचं ताटही पुढे आलं होतं.

अकराव्या मजल्यावरही तेच झालं. संध्याकाळपर्यंत खाली बाकड्यावर बसणारे म्हातारे साहेबांना जिताड्याचा भाव विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी धनेशला बोलावणं आलं. आता गेटच बंद होणार, हे धरूनच तो ऑफिसात गेला. डबा त्याने बाहेर विलासच्या खुर्चीखाली ठेवला.

"तो सेंट उद्यापासून लावायचा नाही," उदयसिंह म्हणाले.

"मग लिफ्टमधे मासळीचा वास येनार, साहेब."

साहेबांनी टेबलावरची किल्ली दोनदा उलटी केली.

"येऊ दे." मग म्हणाले, "माझा सेंट ओरिजिनल आहे."

"हो साहेब. माजा त्याच्यावरनंच."

दुसऱ्या दिवसापासून धनेश लिफ्टने वर जाऊ लागला, उघडपणे, सेंटाशिवाय. घर वाचलं. पण वैताग सुटला नाही. डबा घट्ट बंद, हात लिंबाने धुतलेले, कॉलर कोरी. तो आला हे आता कोणाला कळेना. डबा खाली ठेवायचा, बेल दाबायची, आतली आंघोळ संपेपर्यंत थांबायचं. त्यावर जाईताईंनी विचारलं, आजकाल न सांगता का येतोस.

आणि उदयसिंह लिफ्टमधून उतरले की अजूनही एखादं दार आपोआप उघडतं, एखादं पातेलं पुढे येतं. ज्याच्याकडे साधी मांदेली नाही, त्याची वाट बघतात. आणि जिताडा घेऊन आलेला माणूस बेल दाबत उभा.