साखरपुड्याचे फोटो आणि बाकीचं सगळं

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली, ती घरची माहिती सुरक्षित ठेवायच्या माझ्या हौसेमुळे.

कुरुंद्यात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि मागे हळदीचं वावर. दुकानातला कॉम्प्युटर मला चालू-बंद करता येतो, एवढ्या भांडवलावर घरात मी तज्ज्ञ आहे. (बिघडला तर दुरुस्तीवाला येतो. पण त्याला फोन मीच करतो.) गेल्या साली बाबांचं आणि एका हळदीच्या व्यापाऱ्याचं वाजलं. त्याने फोनवर एक भाव सांगितला आणि माल काट्यावर गेल्यावर दुसराच. वर म्हणतो, "मी असं कवा म्हणलो?" बाबा संतापले. मी जाहीर केलं, यापुढे घरातला प्रत्येक कॉल रेकॉर्ड होणार! बाबांच्या, आईच्या आणि मनीषाच्या फोनमध्ये तशी सोय त्याच दिवशी करून टाकली. व्यापाऱ्याशी फक्त बाबाच बोलतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बघता बघता फोन भरले. मग मी क्लाउडवर जागा घेतली. आईने विचारलं, "ते कुठं असतंय?" मी म्हणालो, "वर." आईने एकदा आढ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तिथे 'घर' नावाचं एक फोल्डर केलं आणि त्यात सगळं कोंबलं. सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकं, आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे, बाबांचं एटीएम कार्ड दोन्ही बाजूंनी (मागच्या बाजूला पिन लिहिलेला आहे, म्हणून दोन्ही) आणि कॉल तर आपोआपच जाऊन पडत. मोबाइल दुकानवाल्याने विचारलं होतं, "भाऊ, फाइलींना पासवर्डचं कुलूप लावून देऊ का? अशा उघड्या नका ठेवू." मी हसलो आणि म्हणालो, "घरच्या माणसांत कसलं कुलूप?"

मग मनीषाचा साखरपुडा झाला. मुलगा कनेरगाव नाक्याचा, नाव संतोष. आधी दोन ठिकाणी बोलणी फिसकटली होती आणि मनीषाने लग्नाचा विषयच बंद केला होता. संतोषला भेटल्यावर मात्र ती कामं करताना गुणगुणू लागली. अशा वेळी फोटो पाठवायचं काम माझ्याकडे आलं. फोटो त्याच 'घर'मध्ये होते. मी लिंक काढली, 'लिंक असलेल्या कोणालाही दिसेल' यावर बोट ठेवलं आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर सोडून दिली. खाली लिहिलं, 'सर्वांनी आवर्जून पाहावे.'

पहिलं उत्तर आलं, 'गुडघ्याला एरंडेल तेल चोळा.' मला वाटलं, चुकून इकडे आलं असेल. दुसरं आलं, 'लग्नात उभं राहता येईल ना?' दुसऱ्या दिवशी सकाळी संतोषच्या वडलांचा मेसेज आला, 'फोटो छान. आवाज पण स्पष्ट आलेत.'

फोटोला आवाज नसतो, हे मला माहीत आहे. तरी मी एक-दोन फोटो कानाला लावून पाहिले. मग लिंक उघडली. मी साखरपुड्याच्या फोटोंची लिंक पाठवलीच नव्हती. सबंध 'घर' पाठवलं होतं.

लिंक तिथल्या तिथे बंद केली. संतोषला फोन लावला, उचलला नाही. त्याच्या वडलांना लावला, त्यांनी कापला. मग मात्र घरात सांगणं भाग पडलं.

"आधार बी हाय त्यात?" बाबांनी विचारलं.

"हाय."

"कुलूप काहून न्हाई लावलं?"

"कुलूप लावलं असतं तर तुमाला उघडता आलं नसतं."

"मग आता कोणाला उघडता येतं?"

"सगळ्यांना."

आईने हळूच विचारलं, "म्या शिरडच्या अक्काशी बोलते, ते बी?" शिरड शहापूरला आईची बहीण असते आणि दोघी रोज बोलतात. मी मान हलवली. आई युरियाच्या पोत्यावर बसली.

साखरपुड्यानंतरचा कॉल लावून पाहिला. आई सांगत होती, "इहीणबाई बोलायला लागली की ट्रॅक्टर बरा वाटतो, अक्का. त्याला बंद करायला चावी तरी असती. अन् साडी कसली आणली! नेसावं का हळद वाळू घालायला हातरावं?"

बाबा आईवर ओरडले, "तुला अक्कल हाय का?" तेवढ्यात पुढचा कॉल आपोआप सुरू झाला. तो बाबांचा होता. "पोरगं चांगलं हाय हो, पण त्याचा बाप? माणूस बसल्या जागी पेंगून राहिला." बाबांनी घाईघाईने टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

मनीषा दारात उभी होती. ती चिडली नाही. फक्त म्हणाली, "दादा, हे बी मोडलं तर मला पुन्हा कोणाला दाखवू नका." तिचे डोळे भरले होते. इथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आधारची नाही, पिनची नाही. या पोरीचं गुणगुणणं मी बंद केलं तर, याची.

दुकानाच्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. बाबांनी वाटेतच बँकेला फोन करून कार्ड बंद करून घेतलं. तो कॉलही रेकॉर्ड होतोय, हे मी त्यांना सांगितलं नाही. हिंगोलीपर्यंत आई देवाचं नाव घेत होती आणि हिंगोलीपासून पुढे माझं. माझं घ्यायची पद्धत वेगळी होती.

कनेरगाव नाक्याला त्यांच्या अंगणात पाय ठेवला तर आतून आईचाच आवाज आला. "...त्याला बंद करायला चावी तरी असती..." आईने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ राहिला. विहीणबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा. मी लिंक बंद करायच्या आधीच त्यांनी सगळं फोनमध्ये उतरवून घेतलेलं होतं. शेजारी संतोषचे वडील बसल्या जागी पेंगत होते.

"या, बसा," विहीणबाई म्हणाल्या. "पाणी घ्या. एवढं संपू द्या."

आणि आम्ही बसलो! अंग चोरून, मुकाट्याने, आईने विहीणबाईंना ठेवलेली नावं विहीणबाईंच्याच ओसरीवर बसून शेवटपर्यंत ऐकली. हळदीचा भाग आला तेव्हा आईने पदर तोंडावर ओढला. कॉल संपला. विहीणबाईंनी उरलेल्या शेंगा सोलल्या, टरफलं झटकली आणि मग वर पाहिलं.

"इहीणबाई, चुकलं माझं," आई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"चुकलं काय त्यात? ती साडी माझ्या नणंदेनं निवडली. मला बी न्हाई आवडली," विहीणबाई म्हणाल्या. "अन् ह्यांचं पेंगायचं खरंच हाय. आमच्या लग्नात अंतरपाटामागं पेंगून राहिले व्हते. मी बी तुमच्याबद्दल माझ्या बहिणीपाशी लई बोलले. फरक इतकाच की आमच्या घरात ते भरून ठेवायला कोणी हुशार माणूस न्हाई."

बाबांनी श्वास सोडला. मीही सोडायच्या बेतात होतो.

"पण खरं सांगते," त्या पुढे म्हणाल्या, "काल सांजच्याला आमी लग्न मोडायचंच ठरवून राहिलो व्हतो. म्हणून तर सकाळपासून फोन उचलले न्हाईत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या बोलण्यानं न्हाई. ह्याच्यामुळं. आधार, पासबुक, पिनसगट सगळ्या सोयऱ्यांना वाटून टाकणारं पोरगं. म्हणलं, पोरगी भावावर गेली असंल तर आपल्या घराचं कसं व्हायचं?"

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग तिचे कॉल हुडकले. एकच सापडला, अगदी पयल्या दिवसाचा." त्यांनी तो लावला. मनीषा मैत्रिणीला सांगत होती, "अगं, दादानं आत्ताच फोनमधी कायतरी लावून दिलंय. थांब, आधी ते बंद करते."

"त्याच्यापुढं तिचा एक बी कॉल न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "तवा जीव भांड्यात पडला. लग्न करायचं."

लग्न ठरल्या दिवशी झालं. फोटो काढायला फोटोवाला होता आणि पाठवायला स्वतः संतोष. मला मंडपाच्या दारात पाहुण्यांना अत्तर लावायचं काम दिलं होतं, आणि मी ते बराबर करतोय ना हे बघायला विहीणबाईंनी शेजारी एक माणूस उभा केला होता.